जुलाबात पाणी तोडू नका

‘जुलाब लागले की मुलाचं पाणी आणि अंगावरचं दूध बंद करा, पोटाला आराम मिळतो’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. हे चूक आहे, आणि धोक्याचंही. जुलाबात जीव जातो तो बहुतेकदा अंगातलं पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे. ओआरएसचं (गेलेलं पाणी-क्षार भरून काढणाऱ्या मीठ-साखरेच्या पुडीचं) १ लिटरचं पाकीट उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात अख्खं विरघळवा (अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात, हा घरोघरचा घोळ!) आणि चमच्याचमच्याने पाजत राहा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. दूध, पेज चालूच ठेवा. पाकीट आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात फुकट मिळतं; लहानग्यांसाठी १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्याही तिथेच विचारा. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, लघवी बंद किंवा मूल मलूल दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.