लोणावळ्यात काय झालं ते सोडा, सुचीचं बोला

परवा ऑफिसच्या ग्रुपवर परत तोच विषय निघाला, लोणावळ्यात नक्की काय झालं होतं. द फॅमिली मॅन ही वेबसिरीज ज्यांनी बघितलीय त्यांना लगेच कळेल, २०१९ चा पहिला सीझन, हेरगिरीची सरकारी नोकरी करणाऱ्या श्रीकांतची बायको सुची आणि तिच्या कामातला तो अरविंद, लोणावळ्याचं हॉटेल, आणि पुढे काय झालं ते दाखवलंच नाही. तेव्हापासून जोक, मीम, सगळं सुरू आहे ते अजून थांबलेलं नाही. सुचीचं काम केलेल्या प्रियामणीला तर लोकांनी शिव्या घातल्या, तिने स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय. मला ह्याचा खरंच त्रास होतो आणि आज लिहूनच टाकते.

कारण माझी मामी.

माझा मामा केंद्र सरकारच्या एका खात्यात होता, कुठल्या ते लिहिणार नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हाला कोणालाच ते नीट माहीत नव्हतं. मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांचं घर, दोन मुलं, आणि मामा "टूरवर". टूर चार दिवसांची पण असायची आणि दोन महिन्यांची पण. जाताना कुठे ते सांगायचं नाही, आल्यावर कुठून ते विचारायचं नाही. एकदा हाताला प्लास्टर घालून आला, म्हणाला पाय घसरला, मामीने फक्त आंघोळीला पाणी तापवलं.

आता गुप्तहेरांच्या सिनेमात बायको कशी दाखवतात बघा. फोन करते, कुठे आहात विचारते, मुलाचा वाढदिवस विसरलात म्हणून रडते, आणि हिरो तिकडे देश वाचवत असतो त्यामुळे आपल्याला ती कटकटी वाटते. माझ्या डोळ्यांसमोर होती ती मामी कटकट करतच नव्हती, ती खोटं बोलत होती. रोज. त्याच्यासाठी. शाळेत पालकसभेला एकटी गेली की बाईंना एक सांगायचं, मुलांना दुसरं, सासूबाईंना तिसरं, आणि कोणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवायचं. मामाला त्याचं ट्रेनिंग मिळालं असेल, पगार मिळत होता, बढती होती. हिला काय होतं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, मिस्टर दिसले नाहीत बरेच दिवस, आणि ती सांगायची ऑफिसच्या ऑडिटला गेलेत. मग बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली की माणसाचं दुसरं घर असणार. हे मामीच्या कानावर आलं होतं. तिने ते ऐकून घेतलं, कारण उत्तर द्यायचं तर काय देणार, तिलाच काही माहीत नव्हतं.

लोक म्हणतात, बायकोला एकटीला हळूच सांगायला काय होतं. अहो कायदाच तसा आहे. ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट, १९२३ चा, इंग्रजांनी केलेला, अजून चालू आहे. त्याच्या पाचव्या कलमात गुपित सांगणारा तर गुन्हेगार आहेच, पण असं सांगणं बेकायदा आहे हे माहीत असताना जो ते स्वखुशीने ऐकून घेतो तोही गुन्हेगार. म्हणजे रात्री दिवा मालवल्यावर नवऱ्याने मन मोकळं करायला एखादी अशी गोष्ट सांगितली, तर कायद्याच्या हिशोबाने ऐकणारी बायको पण त्यात आली. आणि दुसरीकडे पुराव्याचा कायदा सांगतो की नवरा-बायकोने लग्नात एकमेकांना जे सांगितलं ते कोर्टात उघड करायची सक्ती सहसा करता येत नाही. एक कायदा नवराबायकोच्या बोलण्याला पवित्र मानतो आणि दुसरा त्याच बोलण्याच्या मध्ये येऊन बसतो. न सांगणं हे मामाचं प्रेमच असेल, मी ते नाकारत नाही. तिला वाचवणंच झालं ते.

पण माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. न सांगायची सवय लागली की माणूस जे सांगण्यासारखं आहे तेही सांगत नाही. आज बरं वाटत नाही, भीती वाटतेय, तुझी आठवण आली होती, ह्यात कसलं आलंय सरकारी गुपित? घरात बोलणं म्हणजे दूध, पाणी, सोसायटीचा मेंटेनन्स. मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये, २०२१ ला, ते दोघं समुपदेशकाकडे जातात तो सीन आठवा, लोक त्याला हसले, मला हसू आलं नाही. तोपर्यंत श्रीकांतने ती नोकरी सोडून आयटी कंपनी धरलेली असते, वेळेवर घरी येतो, सगळं सुचीला हवं तसं, तरी दोघांत बोलायला काही उरलेलंच नसतं. हे फार खरं दाखवलंय.

आणि आता राझी सिनेमा घ्या, २०१८ चा. तिथे उलटं आहे, बायको हेर आणि नवरा अंधारात. सेहमतचं लग्नच मुळात कामगिरी आहे, १९७१ चा काळ, पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याचं घर. इक्बालला जेव्हा कळतं तेव्हा अख्खं थिएटर त्याच्यासाठी हळहळलं, मी पण रडले. फसवला गेलेला नवरा म्हणून आपल्याला त्याचं दुःख लगेच कळलं, मग सुचीचं का कळत नाही? दोघांनाही आपण कोणाबरोबर राहतोय ते माहीत नव्हतं. त्याला सहानुभूती आणि तिला लोणावळ्याचे जोक.

पहिला सीझन मी मामीबरोबरच बघितला, लॉकडाऊनमध्ये ती आमच्याकडे अडकली होती तेव्हा. लोणावळ्याचा भाग संपला, मी म्हटलं, मामी, काय झालं असेल गं? ती म्हणाली, "काही का होईना. कोणीतरी तिला दिवस कसा गेला ते विचारलं, ते बघ ना." आणि उठून भांडी आवरायला गेली.

मामा रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली. तिला वाटलं होतं निवृत्तीनंतर सांगेल. तसं होत नाही. २०२१ ला तर पेन्शनच्या नियमातच बदल करून टाकला, गुप्तचर खात्यांतल्या निवृत्त लोकांनी खात्याच्या कामाबद्दल परवानगीशिवाय काही छापायचं नाही म्हणून. घरी बोलण्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण मामा ती बातमी मामीला वाचून दाखवत बसला. ती काही बोलली नाही.

१९९७ ला मामीची आई ठाण्याला वारली. मामा टूरवर. ऑफिसच्या नंबरवर फोन केला, कोणीतरी म्हणालं निरोप देतो. तेरावा झाला, त्यानंतर तीन दिवसांनी मामा आला. मामी त्यावर कधी बोलली नाही, तिने मनाशी ठरवलं होतं की हे बॉर्डरवर असतील, काश्मीरला असतील, परदेशात असतील, येणं शक्यच नसेल. त्या समजुतीवर तिने इतकी वर्षं काढली.

गेल्या दिवाळीत फराळ करताना मामा सहज बोलून गेला, तुझी आई गेली तेव्हा मी नागपूरला होतो. बस्स एवढंच, पुढे काही नाही, चकली खात होता.

मामी मला स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "नागपूर गं. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसला बसले असते तर सकाळी कल्याण."