शाळा दत्तक कशाला घ्यायच्या?

दिवाळीच्या सुटीत आमच्या इंदूरच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शाळांवरून चांगलंच पेटलं. मामेभावाचं म्हणणं, वीस-पंचवीस मुलांच्या सरकारी शाळा सरळ बंद कराव्यात आणि मुलांना बसनं मोठ्या सांदीपनि शाळेत न्यावं. (मध्य प्रदेश सरकारची सगळ्या सोयींची मोठी शाळा. कालपर्यंत जिला सीएम राइज म्हणायचे, तीच ही.) आत्याची सून म्हणाली, बंद कशाला? शहरातल्या श्रीमंत खासगी शाळांनी एकेक सरकारी शाळा दत्तक घ्यावी. माझी वहिनी देपालपूर तहसिलीतल्या एका प्राथमिक शाळेत प्रधानपाठक आहे. ती गटावर एक अक्षर बोलली नाही. तिकडचे रात्रीचे दहा वाजले तेव्हा तिचा मला फोन आला.

मी पूर्व लंडनमध्ये राहते आणि इथल्या एका प्राथमिक शाळेच्या नियामक मंडळावर चार वर्षं पालक-प्रतिनिधी होते. म्हणून हा वाद मला लांबचा वाटत नाही.

दत्तक हा शब्दच मला खटकतो. होळकरांच्या गावात वाढलेल्यांना दत्तक म्हणजे काय ते सांगायला नको. दत्तक गेलेल्या मुलाचं नाव बदलतं, कूळ बदलतं आणि मागचं घर त्याच्यापुरतं मिटतं. शाळेच्या बाबतीत दत्तक म्हणजे वर्षातून एकदा दप्तरं वाटायची, भिंती रंगवायच्या, फोटो काढायचे. देणारा देतो, घेणारा हात पसरतो. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एका सरकारी आणि एका खासगी शाळेची जोडी लावायची कल्पना आहे. दोघींनी भेटावं, एकमेकींकडून शिकावं, शक्य तिथे साधनं वाटून घ्यावीत, असं त्यात म्हटलंय. गावात येईपर्यंत त्याचं ‘दत्तक’ होतं.

लंडनमध्ये २००३ साली सरकारनं ‘लंडन चॅलेंज’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. तो २०११ पर्यंत चालला. त्याआधी लंडनच्या माध्यमिक शाळा देशात मागे समजल्या जायच्या. या कामाची धुरा सुरुवातीची वर्षं शिक्षणतज्ज्ञ टिम ब्रिगहाउस यांच्याकडे होती. साधारण सारख्या घरांतून येणाऱ्या मुलांच्या शाळांचे गट पाडले आणि त्यांचे निकाल शेजारी शेजारी मांडले. ‘आमची मुलंच तशी’ हे कारण मग कुणाला देता येईना, कारण तशाच मुलांची शेजारची शाळा पुढे गेलेली दिसायची. ज्या शाळा सर्वांत अडचणीत होत्या त्यांना नापास म्हटलं नाही. ‘यशाच्या किल्ल्या’ असं नाव दिलं. ज्यांना जमलं होतं त्या शाळांचे मुख्याध्यापक आपलं माणूसबळ घेऊन तिथे जायचे.

लंडन सुधारलं ते सगळं यामुळेच, असं मी म्हणणार नाही. २०१४मध्ये इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी दाखवलं की प्राथमिक शाळांत ही वाढ त्याआधीच, नव्वदच्या दशकात सुरू झाली होती. शहरात आलेल्या स्थलांतरित कुटुंबांच्या जिद्दीकडेही काहींनी बोट दाखवलंय. तरीही शाळेनं शाळेला हात देण्याची सवय तिथे लागली, ती मी स्वतः पाहिली.

आमच्या शाळेची पाच गल्ल्यांपलीकडच्या एका शाळेशी भागीदारी होती. निकालांत आम्ही वरचढ. आमच्या गणिताच्या बाई दर मंगळवारी तिकडे जायच्या. पहिल्या सत्रात आम्ही मंडळावरचे सगळे थोडे फुगलेलेच होतो. मग बाईंनी परत येऊन सांगितलं की तिकडे बांगलादेशी आणि सोमाली आया सकाळी वर्गात बसतात, मुलांबरोबर वाचतात, आणि आमच्याकडे तर आई फाटकाच्या आत येत नाही. पुढच्या वर्षी तिकडच्या एक शिक्षिका आमच्याकडे यायला लागल्या. आमच्या मुख्याध्यापकांनी पालकसभा त्यांच्या हाती सोपवली आणि स्वतः मागच्या रांगेत बसले. नेतृत्व वाटून घेणं म्हणजे काय, हे मला त्या मागच्या खुर्चीकडे बघून कळलं.

इथलं सगळं अनुकरण करण्याजोगं नाही. पुढच्या काळात शाळा एकेका छताखाली अनेक शाळा चालवणाऱ्या मोठमोठ्या ट्रस्टमध्ये सामील होत गेल्या. अशा ट्रस्टमध्ये शाळेला कायद्यानं स्वतंत्र अस्तित्व उरत नाही, आणि नाही पटलं तरी तिला स्वतःहून बाहेर पडता येत नाही. म्हणजे इथेही दत्तकच. काही ट्रस्ट चांगलं काम करतात, पण निर्णय दूरच्या कार्यालयात होतात आणि गल्लीतली शाळा आपली राहत नाही.

आता आपल्याकडे. शेजारच्या शाळांनी एकत्र काम करावं हे आपल्याला परदेशातून शिकायची गरजच नव्हती. १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगानं शाळा संकुलाची कल्पना मांडली होती. एका माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळा, आणि सगळ्यांचं शिकवणं एकमेकांच्या आधारानं. मध्य प्रदेशात तर संकुल प्राचार्य आहेत, आसपासच्या शाळांना शिकवण्यात मदत करायला जनशिक्षा केंद्र आहे, त्याचे जनशिक्षक आहेत. सगळी माणसं जागेवर आहेत. वहिनीला विचारलं, संकुलात तुमच्या भेटी कशासाठी होतात? ती म्हणाली, “ताई, डाक द्यायला आणि पगाराचं काम असलं तर. मागच्या बैठकीत दोन तास जानकारी भरण्यातच गेले. भागाकार कसा शिकवता, हे मला आजवर तिथे कुणी विचारलं नाही.”

मला राग येतो तो याचा. इंदूरनं स्वच्छतेत जे केलं ते आख्ख्या देशानं पाहिलं, आणि २०२५मध्ये स्वच्छ शहरानं मागे पडलेल्या शहराला हात द्यायच्या केंद्राच्या जोडी योजनेत इंदूरनं देपालपूरचा हात धरला. कचऱ्यासाठी शहर गावाचा जोडीदार होऊ शकतं. मग भागाकारासाठी का नाही?

मामेभावाच्या बसला माझा सरसकट विरोध नाही. सांदीपनि शाळेत प्रयोगशाळा आहे, ती हवीच. पण सहा वर्षांच्या मुलीला रोज सकाळी बसमध्ये बसवण्याऐवजी त्या मोठ्या शाळेतले विज्ञानाचे सर आठवड्यातून एक दिवस तिच्या गावी जाऊ शकतात. आणि त्या छोट्या शाळेतली बाई, जी एकाच खोलीत तीन इयत्ता सांभाळते, तिच्याकडून सर काही शिकून परतू शकतात.

वहिनीनं हे करून पाहिलं आहे. चार किलोमीटरवरच्या शाळेतल्या सरांची इंग्रजी चांगली, हिचं गणित. पावसाळ्यात सहा शनिवार दोघांनी शाळा बदलल्या, भाडं आपापल्या खिशातून. मग एका तपासणीत ती आपल्या शाळेत सापडली नाही म्हणून तिला नोटीस मिळाली. दुसऱ्या शाळेत शिकवत होते, हे उत्तर लिहायला फॉर्मात जागाच नव्हती.

मी तिला आमच्या मंगळवारच्या बाईंची गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं विचारलं, “त्या बाई तिकडे जायच्या तेव्हा त्यांच्या वर्गावर कोण असायचं?”

मी म्हटलं, बदली शिक्षिका. तिचा पगार दोन्ही शाळांच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेला असायचा.

वहिनी थोडा वेळ गप्प राहिली. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, तेवढेच तिच्या शाळेत आहेत. त्या सहा शनिवारी सर इकडे आले म्हणून निभावलं. पण ती एकटी कुठे शिकायला गेली, तर मागे पाच इयत्ता आणि एकच माणूस उरतं.