महागडी ऑडिओ उपकरणं आणि ‘तयार कान’

संगीतप्रेमींमध्ये एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: महागड्या उपकरणांचा आवाज वेगळाच असतो, मोजमापांत तो सापडत नाही, सीडीच्या दर्जात संगीताचे बारकावे हरवतात, केबलसुद्धा आवाज बदलते; आणि ज्याला हे ऐकू येत नाही त्याचे कान तयार नाहीत. या शेवटच्या भागाचा मला मनापासून राग येतो. जीव लावून ऐकणारी माणसं त्यापायी स्वतःच्या कानांवर शंका घेऊ लागतात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

‘तयार कानाला फरक कळतोच.’ फरक जाणवतो, हे खरं. तो कशामुळे जाणवतो, हे तपासायला हवं. दोन ॲम्प्लिफायरपैकी एक अर्ध्या डेसिबलने मोठा वाजत असेल, तर ऐकणाऱ्याला तो मोठा असल्याचं सहसा कळत नाही. तो जास्त मोकळा, जास्त स्वच्छ वाटतो. दुसरं कारण डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 मध्ये मांडलेल्या प्रयोगात ते काम करत होते त्या हार्मन या ऑडिओ कंपनीतल्याच 40 कर्मचाऱ्यांनी चार स्पीकर ऐकले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. मोठे, महागडे स्पीकर दिसत असताना त्यांना जास्त गुण मिळाले. पडद्याआड चांगले गुण घेणारा छोटा, स्वस्त संच दिसताच खाली घसरला. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. मला त्यातला आणखी एक निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो: स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो, पण स्पीकर दिसत असताना हा बदल लोकांना नीट टिपता आला नाही. म्हणजे किंमत आणि रूप डोळ्यांसमोर असलं की नसलेला फरक भासतो आणि असलेला निसटतो. तयार कानाची परीक्षा घ्यायची असेल, तर ती पडद्याआडच घ्यायला हवी.

‘मोजमापात सगळं येत नाही.’ आपल्याला काय आवडेल, हे मोजमाप सांगत नाही, एवढं कबूल. पण उपकरणातून बाहेर पडतो तो विद्युत संकेत असतो, आणि त्यातले बदल कानाला कळण्याच्या कितीतरी आधी यंत्राला कळतात. आज साध्या डॅकमध्येही (डिजिटल आकड्यांचा विद्युत संकेत बनवणारं उपकरण) विकृती, म्हणजे संकेतात नको असलेली भेसळ, मूळ संकेतापेक्षा 100 डेसिबलने खाली असू शकते, म्हणजे एक लाखांश. त्याच्या कित्येक पट किमतीचा डॅक ती आणखी खाली नेईल, पण जे आधीच ऐकू येत नव्हतं ते आणखी कमी होऊन काय मिळणार? काही व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरचा आवाज मात्र खरोखर वेगळा असतो. त्यांचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडणाऱ्या प्रवाहाला होणारा आतला विरोध) जास्त असल्याने स्पीकरनुसार स्वरांचा तोल हलतो. तो फरक मोजताही येतो.

‘सीडीच्या दर्जात बारकावे हरवतात.’ या मुद्द्यासोबत बहुतेकदा पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीचं चित्र दाखवतात. ते चित्र चुकीचं आहे. सीडीप्रमाणे ध्वनिलहरीचे सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापं, घेतले की 22,050 हर्ट्झच्या खालची लहर अखंड, गुळगुळीत परत मिळते. डॅकच्या फिल्टरमधून पायऱ्या बाहेर येत नाहीत. माणसाची श्रवणमर्यादा तरुणपणी सुमारे 20,000 हर्ट्झ असते आणि वयाबरोबर ती खाली येते. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी 2007 मध्ये सीडीहून उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण मूळ रूपात आणि सीडीच्या दर्जात उतरवून ऐकवलं. 554 प्रयत्नांत 276 उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. जोशुआ राइस यांनी 2016 मध्ये अशा अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं, त्यात बरोबर उत्तरं 52.3 टक्के होती आणि प्रशिक्षित श्रोत्यांची कामगिरी सरस होती. हेही सांगायलाच हवं. पण इतका पुसट फरक ‘रात्र आणि दिवस’ म्हणून सांगणं ही फसवणूक आहे.

केबलबद्दल फार लिहायची गरज नाही. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या, तीन मीटर लांब केबलचा जाऊन-येऊन रोध साधारण 0.04 ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरला त्यामुळे डेसिबलच्या विसाव्या भागाइतकाही तोटा होत नाही.

मग पैसे कुठे खर्चावेत? स्पीकरवर. तिथे फरक मोठे आहेत आणि ते पडद्याआडही कळतात. खालचा खर्ज मोठ्या आवाजात स्वच्छ वाजवायचा तर स्पीकरमधला कंप पावणारा भाग मोठा, शिवाय दणकट चुंबक आणि न थरथरणारी पेटी लागते, आणि याला खर्च येतो. तरी किंमत म्हणजे हमी नव्हे: येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनची मोजमापं किमतींशी ताडून पाहिली, तेव्हा स्वरांचा तोल आणि किंमत यांचा संबंध सापडला नाही. शिवाय खोली आहेच. समोरासमोरच्या भिंतींत चार मीटर अंतर असेल, तर 43 हर्ट्झच्या आसपास स्थिर लहर उभी राहते. एका खुर्चीत खर्ज घुमतो आणि दुसरीत गायब होतो. स्पीकर किंवा खुर्ची थोडी सरकवून जे साधतं, ते कुठल्याही डॅकला साधत नाही, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आता ज्यांना फरक ऐकू येतोच अशी खात्री आहे, त्यांनी एवढं करावं. दोन्ही ॲम्प्लिफायरची पातळी स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून 0.1 डेसिबलच्या आत जुळवावी. कुठला चालू आहे हे न बघता 16 वेळा ओळखावा. अदलाबदल दुसऱ्याने नाणं उडवून करावी. 12 किंवा अधिक उत्तरं बरोबर आली तर दावा गांभीर्याने घेण्यासारखा आहे, कारण निव्वळ अंदाजाने तसं घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते.