गणपतीच्या आधी फिनलंड

गेले तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन गोष्टी उघड्या पडल्यात. एक कॅलेंडर आणि एक फिनलंडचा नकाशा. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती थेट 14 सप्टेंबरला गेलेत. वाईला सासरी गौरी-गणपती असतात, तिथे मी नसणं शक्य नाही आणि मला ते नकोही आहे. आणि फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलँडमध्ये, ज्या रंगांसाठी जायचं ते रंगही नेमके सप्टेंबरातच येतात. त्यांना तिकडे ‘रुस्का’ म्हणतात. पानगळीच्या आधीच्या त्या एक-दोन आठवड्यांसाठी त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे, ह्यातच मला बरंच काही कळलं.

सप्टेंबरच का, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतेय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आपल्याकडून युरोपला माणसं दोनदा जातात. मे महिन्यात, मुलांना सुट्टी म्हणून. नाहीतर डिसेंबरात, बर्फ आणि सांताचं गाव बघायला. डिसेंबरात लॅपलँडच्या अगदी उत्तरेला सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड, मग पुन्हा काळोख. ज्याला तोच अनुभव हवा आहे त्याने जरूर जावं. पण वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल, चालायला आवडत असेल, तर माझं ठाम मत आहे की सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडावा. तेव्हा दिवस तेरा-चौदा तासांचा असतो. थंडी स्वेटरची असते, हाडं गोठवणारी नसते. जून-जुलैत तिथे डासांचे असे थवे असतात की लोक तोंडावर जाळी बांधून फिरतात, ते रात्री गारठू लागल्यावर जातात. आणि आभाळ पुन्हा काळं होऊ लागतं, म्हणजे उत्तर ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसण्याची शक्यता सुरू होते.

ह्या शेवटच्या गोष्टीत आपलं पंचांग फार कामाला आलं. गणपती चतुर्थीला बसतात, म्हणजे त्याच्या आधी तीन-चार दिवस अमावस्या असणारच. यंदा 11 सप्टेंबरला, पोळ्याच्या सुमारास. आमच्या उत्तरेतल्या रात्री आहेत 4 ते 9, वद्य पक्षाच्या शेवटच्या. चंद्र रोज लहान होत जाणार, शेवटी कोरीएवढा. गणपतीमुळे आपला प्रवास अडला असं वाटून मी दोन दिवस खट्टू होते, आणि त्याच गणपतीच्या हिशेबाने आम्हाला वर्षातल्या चांगल्या काळोख्या रात्री मिळाल्या. शिवाय विषुवदिनाच्या आसपासचे आठवडे ह्या प्रकाशासाठी चांगले मानतात. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ह्या काळात एकमेकांत सहज गुंततात. तळीही अजून गोठलेली नसतात, म्हणजे प्रकाश दिसलाच तर पाण्यातही दिसतो. फिनिश लोक त्याला ‘रेवोनतुलेत’ म्हणतात, कोल्ह्याची आग. आर्क्टिक कोल्हा डोंगरावरून धावताना शेपटीने बर्फ उडवतो आणि त्याच्या ठिणग्या आभाळात जातात, अशी जुनी समजूत.

पण आम्ही जाणार ते त्यासाठी नाही. प्रकाश दिसेल न दिसेल, ढगांवर आहे. त्यासाठी जाणारी माणसं रात्रभर आभाळाकडे बघतात आणि दिवसा झोपतात, आणि दिवसा जे समोर असतं ते त्यांचं हुकतं.

समोर काय असतं? तिथे डोंगर आपल्यासारखे उंच, कातळाचे नाहीत. गोल माथ्याचे, वर झाड नसलेले. त्यांना ते ‘तुंतुरी’ म्हणतात. पायथ्याला पाइन आणि स्प्रूस, ते हिरवेच राहतात. मग बर्च, तो पिवळा होतो. आणि झाडांच्या वरच्या उताराला गुडघ्याइतकीही न वाढणारी झुडपं असतात, खुजा बर्च, ब्लूबेरीची पानं, बेअरबेरी. ती लाल होतात, गडद तांबडी. पाय टाकायच्या जमिनीचाच रंग बदलतो. झाडाच्या बाजूने बघितलं तर हे सगळं साठवणीचं काम आहे. उन्हाळा तोकडा, हिवाळा सहा-सात महिन्यांचा. म्हणून झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातला कामाचा भाग खोडात ओढून घेतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा गेल्यावर तो दिसतो. लाल मात्र पान जाता जाता नव्याने तयार करतं, आणि स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार रात्री मिळाल्या की तो जास्त भरतो.

साताऱ्याकडच्या माणसाला हे समजावायला लागत नाही. “कासला फुलं कधी येतील?” ह्या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो तेच ह्याला. पावसावर आहे बाबा, आधी कसं सांगू. रुस्का साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भरात असतो, सर्वांत आधी अगदी उत्तरेला, मग तो खाली सरकत हेलसिंकीच्या बाजूला महिनाअखेर, ऑक्टोबरात पोचतो. एखाद्या वर्षी चार दिवस आधी, एखाद्या वर्षी आठवडाभर उशिरा. आणि एक जोराचं वादळ आलं की रात्रीत पानं खाली.

म्हणून आखणीचा क्रम महत्त्वाचा. आम्ही 30 ऑगस्टला निघतोय, 12 सप्टेंबरला घरी. आधी दक्षिण, मग उत्तर, म्हणजे जितकं उशिरा वर जाता येईल तितकं उशिरा. हेलसिंकीत तीन रात्री, मग रात्रीची झोपायची रेल्वेगाडी. संध्याकाळी हेलसिंकीला बसायचं आणि सुमारे बारा तासांनी रोव्हानिएमीला, आर्क्टिक वृत्तापाशी उतरायचं. तिथून बसने सव्वातीनशे किलोमीटर वर, इनारीच्या भागात. सारीसेल्काला तीन रात्री, इनारीला तीन. परत येताना इव्हालोहून विमान. इतकंच. दुसरा देश नाही, ‘तिकडे गेलोच आहोत तर’ म्हणून स्टॉकहोम नाही.

ह्यावर घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, एवढा खर्च करतोय तर नॉर्वेचे फ्योर्ड, डोंगरांत शिरलेल्या त्या समुद्राच्या खाड्या, का सोडायच्या? नऊ वर्षांपूर्वी आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर अकरा दिवसांत सहा देश केले होते. तेव्हाचे फोटो परवा काढून बसलो. कुठलं चर्च कुठल्या शहरातलं ते दोघांनाही सांगता येईना. मला आठवलं ते इतकंच, की माझ्या सासूबाई एका तळ्याकाठी बाकावर बसल्या होत्या, त्यांना अजून दहा मिनिटं हवी होती, आणि बस सुटणार म्हणून त्यांना हात धरून उठवावं लागलं. त्या आता नाहीत. हे वाक्य लिहितानाही मला त्रास होतोय. ह्या वेळी कुणालाही बाकावरून उठवायचं नाही, हा एकच नियम मी मागितला आणि नवऱ्याने लगेच मान्य केला.

बरोबर माझे बाबा आहेत. वय 76, कराडचे. हेलसिंकीतल्या तीन रात्री त्यांच्यासाठी आहेत. फिनलंड म्हटल्यावर बाकीच्यांना सांता आठवतो, बाबांना खाशाबा जाधव आठवतात. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात गोळेश्वरच्या खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बाबांचा जन्म त्याच्या दोन वर्षं आधीचा. ते वाढले ते त्या गोष्टी ऐकतच. लोकांनी वर्गणी काढून त्यांना पाठवलं, परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, जपानच्या मल्लाबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या लढतीला उभं केलं आणि विश्रांतीचा हक्क मागायला आपला कुणीही अधिकारी तिथे हजर नव्हता. ही शेवटची गोष्ट सांगताना बाबांचा आवाज अजूनही चढतो.

त्या कुस्त्या ज्या ‘मेस्सुहाल्ली’त झाल्या ती इमारत आजही उभी आहे, त्योओलो भागात, ऑलिंपिक स्टेडियमच्या जवळच. आता ती शहराचं क्रीडागृह आहे, रोज लोक तिथे खेळायला येतात. स्टेडियमचा मनोरा 72.71 मीटर उंच आहे. मात्ती यार्विनेनने 1932 च्या ऑलिंपिकमध्ये भाला जितका लांब फेकून सुवर्ण जिंकलं, तितकीच त्याची उंची ठेवली. त्या देशाने एका खेळाडूची फेक शहराच्या आभाळात उभी केली. आपल्या खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. बाबांना त्या क्रीडागृहात घेऊन जायचं आहे, आणि ते म्हणतील तितका वेळ तिथे थांबायचं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी फिनलंडच निवडलं, तिच्याबद्दल. ‘योकाइसेनओइकेउस’, प्रत्येकाचा हक्क. जंगल कुणाच्याही मालकीचं असो, तुम्ही त्यातून चालू शकता, जंगली बेरी आणि अळंबी तोडू शकता, एखाद-दुसरी रात्र तंबू ठोकू शकता. परवानगी नाही, तिकीट नाही. त्या देशाचा नागरिक असण्याचीही अट नाही. कराडहून आलेल्या 76 वर्षांच्या माणसाला तितकाच हक्क. बंधनं आहेत ती शहाणपणाची. कुणाच्या घराच्या अंगणात शिरायचं नाही, उभं पीक तुडवायचं नाही, झाड तोडायचं नाही, शेवाळ उपटायचं नाही, मालकाला विचारल्याशिवाय आग पेटवायची नाही. चाळीसहून अधिक राष्ट्रीय उद्यानं आहेत, एकालाही प्रवेश शुल्क नाही. आणि दूरच्या रानात ‘आउतिओतुपा’ नावाच्या लाकडी खोल्या आहेत, कुलूप नसलेल्या, फुकट. तिथला रिवाज असा की आधी आलेल्यांनी उशिरा येणाऱ्याला जागा करून द्यायची, आणि निघताना पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची.

मी लहानपणी आगाशिवच्या डोंगरावर करवंदं खायला जायचे तेव्हा असंच होतं, कुणी विचारायचं नाही. आता आमच्या ओळखीच्या कित्येक टेकड्यांना तारेचं कुंपण आहे. रानात मोकळं हिंडायचा हक्क कायद्याच्या आणि रिवाजाच्या बळावर शाबूत ठेवणारा एक अख्खा देश आहे, आणि तो माझ्या पायांनी चालून बघायचा आहे. सप्टेंबर हा तिथे ‘पुओलुक्का’चा म्हणजे लिंगनबेरीचा महिना. लाल, आंबट, करवंदाएवढी नाही, लहान. बाबांनी डबा आत्ताच बाजूला काढून ठेवलाय.

काही गोष्टी पटकन सांगते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर कुणी विसंबू नये, उन्हाळ्यात अर्जासाठी अपॉइंटमेंटच मिळत नाही. शुल्क मोठ्या माणसाला 90 युरो, विमा निदान 30,000 युरोचा. गेल्या खेपेला एका एजंटाने व्हिसा हातात येण्याआधीच परत न मिळणारी तिकिटं आमच्या गळ्यात मारली होती, तसं होऊ देऊ नका. कपडे जाड एकच नको, पातळ तीन थर आणि वर पाऊस अडवणारं जाकीट. चिखल असतो, बूट पाणी न शिरणारे हवेत. त्या दिवसांत शिकारीचा हंगामही सुरू असतो, म्हणून रानात भडक रंगाची टोपी घालावी.

जेवण. आमचा प्रवास श्रावणातला आहे आणि बाबा श्रावण पाळतात. मला ह्याची फार काळजी होती, कारण तिकडे उत्तरेला रेनडिअर आणि मासे हेच मुख्य. पण तिथे मिळतं ते असं: राय नावाच्या धान्याचा काळा, भाकरीसारखा ब्रेड, लोणी, बटाटे, अळंब्यांचं सूप, रायच्या पिठाच्या पातळ पारीत तांदळाची खीर भरून भाजलेली ‘कारयालानपीराक्का’, आणि वेलदोडा घातलेला गोड पाव, ‘पुल्ला’. फिनलंडमध्ये घराघरांत वेलदोड्याचा वास येतो हे ऐकून बाबा एकदम निर्धास्त झाले. मेतकूट तरीही बरोबर घेणार आहोत.

आणि इनारीबद्दल एक विनंती. तो सामी लोकांचा प्रदेश आहे, युरोपीय संघात मूळनिवासी म्हणून मान्यता असलेल्या एकमेव समाजाचा. त्यांची संसद इनारीत आहे, ‘सीदा’ हे संग्रहालयही तिथेच. त्यांच्या पोशाखाची स्वस्त नक्कल अंगावर घालून फोटो काढण्याचे उद्योग पर्यटनात खूप झाले, त्याबद्दल त्यांनी वारंवार नाराजी सांगितली आहे आणि 2018 मध्ये सामी संसदेने पर्यटनासाठी नीतितत्त्वंही ठरवली. रस्त्यात दिसणारा प्रत्येक रेनडिअर कुणाचा तरी असतो, त्याच्या कानावर मालकाची खूण कापलेली असते. आपल्या धनगरांचा फोटो कुणी न विचारता काढला तर कसं वाटतं, तेवढं लक्षात ठेवून जावं.

बाबा डोंगर चढणार नाहीत. सारीसेल्काच्या काउनिस्पा नावाच्या तुंतुरीच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, तिथे त्यांना नेऊन बसवायचं. इनारीहून पिएल्पायार्वीचं 1760 चं लाकडी चर्च रानातून चालत गाठायचं, ते मी आणि नवरा. दोन दिवस मी मुद्दाम कोरे ठेवलेत. रंग नसतील तर बसने आणखी उत्तरेला सरकायचं, असतील तर आहे तिथेच थांबायचं. कदाचित आम्ही पोचू तेव्हा अर्धंच रान पिवळं असेल. पूर्ण भरातला रुस्का आम्ही आरती करत असताना येईल, हे मी मनाशी मान्य केलंय.

तरी, तुमच्यापैकी कुणी सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत इनारी, उत्सयोकी किंवा किल्पिसयार्वीला राहिलं असेल तर मला दोन गोष्टी नक्की लिहा. 8-9 तारखेपर्यंत बर्च किती पिवळे झाले होते, आणि वयस्कर माणसाला तळ्याकाठी निवांत बसता येईल असा बाक कुठे आहे.