सव्वातीन किलो काकडी

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी, अमरावती-अकोला-बुलढाण्यात पसरलेला हा पट्टा. इथे विहीर खोदली तर पाणी लागतं, नाही असं नाही. पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुण्याला पाजलं तर तो पुन्हा येत नाही. प्यायला नळाचं पाणी आहे, ते चार-पाच दिवसांआड. मे महिन्यात ते इतकं तापून येतं की त्यात तशीच पत्ती टाकून चहा करावा. लहानपण खारं पाणी पिण्यात गेल्यामुळे पाणी या वस्तूवरचा माझा विश्वासच उडालेला आहे. मी चहा पितो.

यंदा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, एक लग्न आलं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, मांडव टिनाचा. पाचव्या मंगलाष्टकापर्यंत मी उभा होतो. सहाव्याला अक्षता टाकायला हात वर केला आणि अक्षतांसोबत मीही खाली आलो. लोकांना आधी वाटलं, मी नवरदेवाच्या पाया पडतोय.

डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

"दोन-तीन गिलास."

"आणि चहा?"

"तो मोजत नाही."

त्यांनी चिठ्ठीवर 'पाणी ३ लिटर' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. घामातून मीठही जातं, तेव्हा ताकात मीठ टाकून प्या, असंही सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, मीठ तर आमच्या विहिरीतच हाय." ते हसले नाहीत. बाहेर वीस पेशंट होते.

घरी आल्यावर बायकोनं गडवाभर पाणी समोर ठेवलं. मी गडव्याकडे पाहिलं, गडव्यानं माझ्याकडे. अर्धा तास असाच गेला. शेवटी पोरगा मदतीला धावला. त्याच्या हातात मोबाईल.

"बाबा, पानी खाता बी येते."

"काय येते?"

"हे पाहा. काकडीत पंच्याण्णव टक्के पानी. टमाट्यात चौऱ्याण्णव. टरबुजात ब्याण्णव. कांद्यात बी एकोणनव्वद."

मला आयुष्यात पहिल्यांदा पोराच्या मोबाईलचं बिल वसूल झाल्यासारखं वाटलं. लगेच कागद-पेन घेतलं. तीन लिटर पाणी भागिले पंच्याण्णव टक्के, म्हणजे सव्वातीन किलोला जरा कमी. दिवसाला सव्वातीन किलो काकडी खाल्ली की डॉक्टर खूश. अन्नातून शरीराला साधारण पाचवा हिस्सा पाणी मिळतं, बाकीचं प्यावंच लागतं, ही ओळही त्याच पानावर होती. पण ती खाली होती, आणि आमचा पोरगा कुठल्याच पानाच्या खालपर्यंत जात नाही. त्याचे मार्क पाहिले की समजतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या हर्रासातून, म्हणजे भाजीच्या लिलावातून, पाच किलो काकडी आणली. मायनं पिशवीत डोकावून पाहिलं. "लगन हाय का कोनाचं?"

काकडी खाणं म्हणजे नुसतं चावणं, असा माझा समज होता. आधी तिचं शेंडूक कापायचं, तो तुकडा कापलेल्या जागी गोल-गोल घासायचा, पांढरा फेस येऊ द्यायचा आणि पुसून टाकायचा. माय हे काम इतक्या मन लावून करते की काकडीला ताप आलाय आणि ती तिच्या कपाळावर काहीतरी चोळतेय असं वाटतं. एवढं करूनही पहिलीच काकडी जहर निघाली. दुसरीही तीच. तिसरी अर्धी खाल्ल्यावर मी तोंड धुवायला उठलो, आणि तोंड धुवायला पाणी लागलं, हे बायकोनं नोंदवून ठेवलं.

शेजारच्या आबाजींनी खुलासा केला. "लेका, वेलाले उन्हात पानी कमी पडलं का काकडी कडू होते. थेच तहानेली हाय, तुले कुठून पाजीन?" मी याच्यावर बराच वेळ विचार केला. उत्तर सापडलं नाही. दीड किलोवर थांबलो, पोटात वायू धरला आणि ओसरीत आडवा झालो.

मग भाज्यांची पाळी. बायकोनं ढेमसे केले. ढेमसं ही भाजी आमच्याकडे उन्हाळाभर असते, आणि एरवी मी ती टाळण्यासाठी शेतात जायची कामं काढतो. आता तिच्यात पाणी भरपूर, म्हणून दोन वाट्या खाल्ली. नंतर लक्षात आलं की तिखट झोंबल्यानं वर दोन गिलास पाणीही प्यालो. हे पाणी हिशोबात धरायचं की नाही, यावर घरात मतभेद झाले.

चौथ्या दिवशी टरबूज आणलं. आता टरबूज निवडणं हा आमच्या गावात सार्वजनिक कार्यक्रम असतो. मी गाडीवरचं एक उचललं तेव्हा पारावरून तिघं उठून आले. एकानं टिचकी मारून ऐकलं. दुसऱ्यानं उलटं करून बुडाशी पिवळा डाग पाहिला. जमिनीला टेकलेली ती जागा पांढरी असेल तर कच्चं, पिवळी असेल तर वेलावर पिकलेलं. तिसऱ्यानं नुसतं माझ्याकडे पाहून विचारलं, "तूच पडला होता न लग्नात?" पाच किलोचं निघालं. साल वजा जाता तीन किलोच्या वर गर, म्हणजे जवळपास तीन लिटर पाणी, तेही लाल आणि गोड. हा हिशोब मी गाडीवाल्यालाही सांगितला. त्यानं दहा रुपये वाढवून मागितले.

रात्री अंगणात बाजा टाकून सगळे बसले. एकेक फोड खाऊन घरचे उठले. मी बसून राहिलो. डॉक्टरांचं काम एका बैठकीत उरकायचं ठरवलं होतं.

साडेअकराला पहिली फेरी झाली. आमचा संडास अंगणाच्या पार टोकाला, गोठ्याच्या मागे, आणि वाटेत सगळ्यांच्या बाजा. बाराला दुसरी. साडेबाराला तिसरी, ती मात्र पोट बिघडल्याची. मग मी मोजणं सोडलं, पण आबाजींनी सोडलं नाही. त्यांची बाज भिंतीपलीकडे आहे आणि त्यांना झोप येत नाही. पहाटे भिंतीवरून आवाज आला, "सात झाल्या रे."

सकाळी बायको निळ्या ड्रमपाशी उभी होती. विहीर तळाला गेल्यामुळे वापरायलाही नळाचंच पाणी होतं, आणि नळ परवा येणार होता. तिनं ड्रममध्ये डोकावलं, मग माझ्याकडे वळली.

"किती पानी खाल्लं म्हनता?"

"तीन लिटर."

"आन् फेरीमागं एक बादली. दहा लिटरची." तिनं बोटं मोजली. "सत्तर लिटर गेलं. तुमचे तीन लिटर पाजाले मले घरचं सत्तर लिटर लागते."

मी गडवा उचलला आणि गुपचूप पिऊन टाकला. कोमट होता.

गोठ्याकडून माय ओरडली. टरबुजाची सगळी सालं रात्री बकरीला टाकली होती. तिनं ती चट्टामट्टा केली होती आणि पाण्याच्या घमेल्याला सकाळपासून तोंड लावलं नव्हतं. घमेलं काठोकाठ भरलेलं. बायकोनं ते उचललं, तसंच ड्रममध्ये ओतलं आणि झाकण लावलं.