काका, नकाशा तुम्हीच काढा, पण सहीबद्दल थोडं ऐका

नमस्कार काका,

घराचा प्लॅन कोणाकडून करून घ्यावा, या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि चांगलं खरमरीत लिहिलंत. तो लेख न वाचलेल्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही सातपूरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं मेकॅनिकल ड्राफ्ट्समन होतात. पाथर्डी फाट्याजवळच्या मुलाच्या प्लॉटवरचं घर तुम्ही स्वतः काढलंय. ‘प्लॅन फक्त आर्किटेक्टनेच काढायचा असतो’ हे माझं वाक्य तुम्हाला साफ चुकीचं वाटलं. ‘तसं नाही’ असं सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय, तुम्ही आर्किटेक्ट लोक आपलं दुकान चालावं म्हणून माणसांना घाबरवता, आणि पंचवटीतला आमचा वाडा मिस्त्रीने बांधला तो अजून उभा आहे, असं तुम्ही लिहिलंत.

त्या वाक्याबद्दल तुमचं बरोबर आहे. मी चुकीचं लिहिलं होतं, आज ते लेखात दुरुस्त केलंय.

1972 च्या वास्तुविशारद कायद्याचं कलम 37 ‘आर्किटेक्ट’ या नावाला संरक्षण देतं. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसलेल्याने ते नाव लावायचं नाही, एवढंच ते सांगतं. इमारतीचं डिझाइन आणि देखरेख ही कामं आर्किटेक्टची मक्तेदारी नाही, इंजिनिअर आपलं काम करायला मोकळे आहेत, हे ते विधेयक आणतानाच उद्देशांमध्ये लिहिलेलं होतं. तुम्ही म्हणता तो निकाल मार्च 2020 चा, नोएडा प्राधिकरणातल्या पदांच्या वादातला. नोंदणी नसलेल्या माणसाला ते काम करायला कोर्टाने मनाई केली नाही, पण पदाच्या नावात ‘आर्किटेक्ट’ हा शब्द मात्र ठेवू दिला नाही. तुम्ही निकालाचा पहिला भाग सांगितलात, दुसराही तितकाच महत्त्वाचा आहे. आपल्या गावात पाटीवर बिनदिक्कत ‘आर्किटेक्ट’ लिहून बसलेली माणसं मला माहीत आहेत. कोणाबद्दल शंका आली तर नोंदणी क्रमांक मागा. तो सीए, मग वर्ष, मग आकडा असा असतो आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो.

पण तो निकाल घेऊन तुम्ही नाशिक महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडे गेलात, तर काम होणार नाही. बांधकाम परवानगी त्या कायद्याखाली मिळतच नाही. ती मिळते 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याखाली. आणि प्रस्तावावर कोणाची सही चालते हे ठरतं राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे आपण सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतो तिच्यात. मुंबई महापालिका आणि इतर काही क्षेत्रं सोडली तर डिसेंबर 2020 पासून ती राज्यभर लागू आहे, नाशिकलाही. तिच्या परिशिष्टात सही करणाऱ्यांची पात्रता आणि जबाबदाऱ्या दिल्या आहेत. कौन्सिलकडे नोंदलेल्या आर्किटेक्टला महापालिकेचं वेगळं लायसन लागत नाही. सिव्हिल इंजिनिअरला लागतं. सुपरवायझरलाही मिळतं, पण त्याला प्लॉटच्या क्षेत्रफळाची आणि मजल्यांची मर्यादा असते. आरसीसीच्या हिशोबासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर. थोडक्यात, पेन्सिल कोणाच्या हातात असावी याबद्दल कायद्याचं काही म्हणणं नाही. सही कोणाची, हे मात्र तो सांगतो.

माझा खरा राग इथेच आहे, आणि मूळ लेखात तो नीट मांडता आला नव्हता. आपल्याकडे सही विकत मिळते. प्लॅन कोणीतरी काढतो, दुसराच कोणी न बघता शिक्का मारतो, फाईल पुढे जाते.

चारेक वर्षांपूर्वी मखमलाबादच्या बाजूला एका घरी बघायला बोलावलं होतं. घर जेमतेम तीन वर्षांचं. बेडरूमच्या चौकटीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर छतापर्यंत गेलेली, दहाचं नाणं उभं आत जाईल एवढी. घरमालकांनी दर दोन-तीन महिन्यांनी भेगेच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहिली होती. अशा पाच तारखा खालून वर चढत गेलेल्या. मी त्या तारखांकडे बघतच राहिले.

शेजारच्या द्राक्षबागेतल्या आजींनी दोन मिनिटांत उलगडा केला. ‘‘तिथं आमची विहीर व्हती की, बुजवली.’’ बाकीची फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे पाये, काळी माती काढून मुरमावर टेकलेली, आणि ईशान्येच्या कोपऱ्यातला कॉलम त्या विहिरीच्या भरावावर. तेवढाच कोपरा खचत होता. प्लॅनवर ज्यांची सही होती त्यांना मी फोन केला. ते प्लॉटवर एकदाही गेले नव्हते. नकाशा तयार आला होता, त्यांनी फक्त सही केली होती. खाली खणून तो कोपरा उचलून धरायला त्या कुटुंबाला जो खर्च आला, त्यात कोणाचीही पूर्ण फी निघाली असती.

ज्याने तो नकाशा काढला त्याचा हात चांगला होता, काका. रेषा स्वच्छ, मापं जुळलेली, साइड मार्जिन बरोबर. नकाशात चूक नव्हतीच. जमिनीवर जाऊन बघणारं आणि नंतर जबाब देणारं कोणी नव्हतं.

म्हणूनच तुमच्या वाड्याचं उदाहरण मला माझ्या विरोधातलं वाटत नाही. तो मिस्त्री रोज तिथे उभा असणार. जोत्याचा दगड त्याच्या नजरेखाली बसला असणार, सागाचे खांब त्याने स्वतः ठोकून बघितले असणार. काही बिघडलं असतं तर आजोबांनी त्याला घरी जाऊन विचारलं असतं. आज त्या विचारण्याची जागा सहीने घेतलीय. जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा दाखला, म्हणजे घर वापरायची परवानगी, दोन्ही वेळेला महापालिका त्याच माणसाकडे बघते. तोच बेपत्ता असेल तर बदललेला जिना, पुढे आलेली बाल्कनी, सगळं घरमालकाच्या गळ्यात पडतं. भोगवटा दाखल्याशिवाय वर्षानुवर्षं राहणारी कितीतरी कुटुंबं मी बघितली आहेत.

‘दुकान’ हा शब्द लागला, खोटं सांगत नाही. पण ज्या धंद्यात सह्या विकल्या जातात, त्यातल्या माणसाला तो ऐकून घ्यावा लागतो.

आता तुमच्या प्लॅनबद्दल. पस्तीस वर्षांचा हात आहे, तो वाया घालवू नका. फक्त इमारतीच्या प्रस्तावाच्या काही रीती वेगळ्या असतात. नवं काम लाल रंगात दाखवतात, पाडायचं काम पिवळ्या रेघांनी. क्षेत्रफळाचा तक्ता त्याच कागदावर लागतो, आणि ऑनलाइन छाननीसाठी ड्रॉइंगचे लेयर ठरलेल्या नावांचेच लागतात. हे एका दुपारी समजावता येईल. कोणत्याही लायसनवाल्या इंजिनिअरकडे किंवा आर्किटेक्टकडे जा, माझ्याकडेच या असं नाही. पण सही करण्याआधी त्याला प्लॉटवर घेऊन जा. तो म्हणाला ‘गरज नाही’, तर दुसरा बघा.

माझ्याकडे आलात तर मोजणीची ‘क’ प्रत (म्हणजे प्लॉटच्या सरकारी मोजणीचा नकाशा), सातबारा आणि तुमचं ड्रॉइंग घेऊन या. सही मात्र मी लगेच करणार नाही. आधी आपण दोघं पाथर्डी फाट्याला जाऊ, आणि तिथे पूर्वी कोणाची शेती होती ते आजूबाजूला विचारू.