मामा, डिझेलच्या टाकीत रॉकेल ओतू नका

परवा कराडहून मामांचा फोन आला. "अरे, लिटरभर रॉकेल कुठे मिळेल का? गाडीत टाकायचंय." गाडी 2011 ची, डिझेल. घरच्या ग्रुपवर 'जुन्या डिझेल गाडीचं इंधन स्वच्छ ठेवायचे चार उपाय' फिरतायत, त्यातला हा पहिला. आणखी कुणी टाकीत काही ओतण्याआधी लिहून टाकतो.

"दर पाच हजार किलोमीटरला लिटरभर रॉकेल टाका, इंजेक्टर आरशासारखे होतात." नाही होत! इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल. कॉमन रेल गाड्यांत हाय प्रेशर पंप डिझेल दाबाने एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये भरतो आणि तिथून ते इंजेक्टरांना जातं. या पंपाला बहुधा वेगळं ऑइल नसतंच, आतून जाणारं डिझेल हेच त्याचं वंगण. म्हणून तर डिझेलच्या भारतीय मानकात, आयएस 1460 मध्ये, वंगणाची अट आहे: चाचणीत पोलादी गोळी घासून पडणारा व्रण 460 मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त 10 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 10 भाग. ते काढताना मूळचा बुळबुळीतपणाही जातो, तो रसायन घालून परत आणावा लागतो. त्यात तुम्ही कोरडं रॉकेल मिसळणार. पंप घासला की धातूचा किस रेलमधून थेट इंजेक्टरांत. मग पंप, रेल, इंजेक्टर सगळंच बदला. मामांची पेन्शन त्यासाठी आहे का? शिवाय रेशनचं निळं रॉकेल गाडीत घालणं 1993 च्या केंद्राच्या आदेशाने बेकायदा आहे.

पहाडी भागात कडाक्याच्या थंडीत जुन्या इंजिनांत रॉकेल मिसळायचे, हे खरं. पण ते डिझेल गोठू नये म्हणून. सफाईचा त्यात संबंध नव्हता. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेलच आणलं.

"फिल्टर पेट्रोलने धुऊन हवा मारा." आतला कागद फाटतो आणि अडवलेली घाण पुढे जाते. नवा टाका.

"महिन्यातून एकदा टाकी पूर्ण संपू द्या." पंपात हवा शिरते, तो कोरडा फिरतो. आणि याच मेसेजचा चौथा उपाय म्हणतो, पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा! तेवढा मात्र बरोबर आहे; रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाला बसतं.

मामा, रॉकेल शोधू नका. मेकॅनिकला फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करायला सांगा आणि निघेल ते काचेच्या ग्लासात धरा. पाणी असेल तर खाली वेगळं दिसेल. डिझेल स्वच्छ येईपर्यंत सोडा आणि स्क्रू घट्ट करून घ्या.